इंजिनाला शिवलेला कोट

आमच्या घरमालकीणबाई इंजिनाचं माप घेत होत्या, तेव्हा मी त्यांची होडी पहिल्यांदा पाहिली. रविवारची सकाळ होती. मिस्सा आटोपून त्या तशाच अर्नाळ्याला आल्या होत्या. चर्चला नेसायची चांगली साडी गुडघ्यापाशी खोचून त्या होडीच्या मधल्या लाकडी खोक्यात वाकल्या होत्या आणि गळ्यातला शिंप्याचा टेप इंजिनाभोवती फिरवत होत्या. माझ्या हातात त्यांनी खडू दिला होता. त्या आकडे सांगत, मी ते बाकाच्या फळीवर लिहीत होते. छाती झाली, उंची झाली. मग त्यांनी टेप दोनतीनदा वरखाली सरकवला आणि सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "याला कंबरच नाही. सरळ कोट शिवावा लागेल."

त्या विनोद करत नव्हत्या. पलीकडच्या बोटीवर जाळं आवरणारे दोघं तोंड फिरवून हसले, ते त्यांनी पाहिलंही आणि सोडूनही दिलं.

मी मूळची कऱ्हाडकडची. वसईला पूर्वेकडच्या एका कंपनीत औषधांच्या पॅकिंगची नोकरी लागली आणि पश्चिमेला, राजोडीच्या अलीकडच्या गावात, केळीच्या वाडीतल्या घराची वरची खोली भाड्याने मिळाली. खाली घरमालकीण राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या शिवणाच्या शिक्षिका. लग्न केलं नव्हतं. सगळं गाव त्यांना टीचर म्हणे, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. मीही टीचरच म्हणू लागले. मला मात्र त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी वर राहायचे म्हणून मी 'वरची'. "वरची, चहा झालाय." "वरची, तुझा दिवा चालू राहिलाय." पुढेपुढे गावातली पोरंही मला तसंच म्हणू लागली आणि त्याचं मला काही वाटेनासं झालं.

टीचरांच्या पदराला खांद्यापाशी कायम एक दोरा ओवलेली सुई टोचलेली असे. त्यामुळे त्यांना कोणी पटकन मिठी मारत नसे, आणि मला वाटतं त्यांना ते बरंच पडत असावं. कुणाचं बटण लोंबताना दिसलं की त्या स्वस्थ बसू शकत नसत. एकदा वसईच्या एसटी स्टँडवर आम्ही बसमध्ये चढलो, तर कंडक्टरच्या शर्टाचं बटण एका धाग्यावर आलेलं. टीचरांनी त्याला "हलू नकोस" एवढंच सांगितलं आणि सुई काढली. तो बिचारा हातात घंटीची दोरी धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. ड्रायव्हर मागे वळून बघतोय, लोक खोळंबलेत, आणि टीचर शांतपणे बटणाखाली दोऱ्याचे वेढे घालताहेत. गाठ मारून, दोरा दाताने तोडून मगच त्या बसल्या. तिकिटाचे पैसे दिले आणि कंडक्टरला सांगितलं, की बटण तुटतं ते दोऱ्यामुळे नाही, शर्ट एक माप लहान आहे म्हणून.

ही त्यांची खास रीत होती. त्या म्हणत, "चूक दिसते तिथे ती नसते. बगलेत चुरगळतंय म्हणून बगल उसवाल तर कापड वाया जाईल. आधी खांदा बघा." शाळेत त्यांनी हे कितीतरी मुलींना सांगितलं असेल. मला ते होडीत बसून कळलं.

होडी घेतली होती ती भावासाठी. टीचरांचा धाकटा भाऊ, ज्यांना मी अंकल म्हणायचे, उभं आयुष्य परदेशी जहाजांवर इंजिनरूममध्ये काम करून परत आले होते. खालच्या मजल्यावर मागची खोली त्यांची. उंच, सडपातळ, अतिशय नीटनेटके गृहस्थ. स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री करणारे. जहाजांच्या इंजिनांनी त्यांचे कान नेले होते. दोन्ही कानांत मशीन असे. मला वाटायचं मशीन लावलं की झालं, चष्म्यासारखं. तसं नव्हतं. समोर बसून सावकाश बोललं तर त्यांना ऐकू येई. पण पंखा मोठा केला, नळ सोडला, बाहेर रिक्षा थांबली, की बोलणं त्या आवाजात विरघळून जाई. आणि गंमत म्हणजे मोठा आवाज मात्र त्यांना दुखत असे. भांडं पडलं तर ते कान धरून बसत. बहिरेपण म्हणजे शांतता नव्हे, हे मला त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा समजलं.

ते फार बोलत नसत. संध्याकाळी चालत राजोडीच्या किनाऱ्यावर जात, पाण्याकडे तोंड करून उभे राहत आणि परत येत. शनिवार-रविवारी तिथे पर्यटकांची गर्दी, गाड्या, गाणी. तेव्हा जातही नसत. टीचरांनी हे वर्षभर पाहिलं. मग किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याने आपल्या पाहुण्यांना फिरवायची होडी विकायला काढली, ती टीचरांनी घेतली. गावाने तोंडात बोटं घातली. टीचर स्वतः होडी चालवायला शिकल्या, रीतसर परवाना काढला आणि एका रविवारी भावाला बसवून वैतरणेच्या खाडीत घेऊन गेल्या.

त्या दिवशी मी नव्हते. काय झालं ते टीचरांनी मला संध्याकाळी जिन्यात बसून सांगितलं. इंजिन सुरू झालं तशी सगळी होडी थरथरू लागली. दाताला दात लागावेत असा आवाज. अंकलनी थोडा वेळ सोसलं, मग दोन्ही कानांतली मशीनं काढून खिशात ठेवली आणि पाठ करून बसले. टीचर बोलत राहिल्या आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपण बहिऱ्या माणसाच्या पाठीशी बोलतोय. किनाऱ्याला लागल्यावर अंकल एवढंच म्हणाले, "मला परत इंजिनरूममध्ये नेऊ नकोस."

मी आपलं सुचवलं, की होडी विकून टाका, घरीच बसून गप्पा मारा. टीचर म्हणाल्या, घरी तो ऐकत नाही. नको असलेला विषय निघाला की मशीन काढून टेबलावर ठेवतो आणि पेपर उघडतो. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला त्याला एक गोष्ट विचारायची आहे, वरची. ओरडून विचारण्यासारखी नाही ती."

कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही. मला पुढे गावातूनच कळलं. त्यांची आई वारली तेव्हा अंकल समुद्रावर होते. निरोप पोचला होता, पण ते आले नाहीत. नंतर कित्येक महिन्यांनी आले ते जणू काही झालंच नाही असे. नातेवाइकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. टीचरांनी टाकलं नाही, पण विचारलंही नाही.

म्हणून मग आवाज काढून टाकायचा, असं ठरलं.

सुरुवात घरातच झाली. टीचरांनी गजराचं जुनं घड्याळ एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि डबा निरनिराळ्या गोष्टींत गुंडाळायला सुरुवात केली. मी पलीकडच्या खोलीत बसायचं आणि ऐकू येतं की नाही ते ओरडून सांगायचं. कुणीतरी त्यांना अंड्यांच्या पुठ्ठ्यांबद्दल सांगितलं होतं, म्हणून आधी ते झाले. घड्याळ मजेत वाजत राहिलं. मग कापसाची गादी, नारळाचा काथ्या, जुनी गोधडी. आवाज थोडा मऊ झाला, पण गेला नाही. मग त्यांनी ट्रकच्या चाकामागे लोंबतं ते जाड, जड रबर आणून गुंडाळलं, आणि मी एकदम म्हणाले, "बंद झालं का?" बंद झालं नव्हतं. पण डब्याच्या झाकणापाशी जरा फट ठेवली की आवाज जसाच्या तसा बाहेर. मला त्या फटीचं फार आश्चर्य वाटलं. केवढंसं भोक, आणि त्यातून सगळंच निसटत होतं.

टीचरांनी रबराच्या आत फोम घालून पाहिला आणि त्या खूश झाल्या. त्यांनी मला समजावलं, की हलकं कापड आवाजाला अडवत नाही, जड अडवतं. मऊ अस्तर आतल्या आत घुमणं शोषून घेतं. म्हणजे बाहेर जड कापड, आत मऊ अस्तर. "हे तर कोटासारखंच झालं," म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात माप घ्यायला गेल्या.

कोट शिवायला साध्या सुईचा उपयोग नव्हता. चपला शिवतात तशी आरी त्यांनी आणली आणि व्हरांड्यात बसून रबर, फोम आणि वरून तेल आत मुरू नये म्हणून चंदेरी कागद असे थर शिवायला घेतले. पहिल्यांदा त्यांनी अस्तराला गोधडी वापरली होती. ती बघून अर्नाळ्याचा मिस्तरी चांगलाच चिडला होता. हा कोळीवाड्यातला, बंदरातल्या निम्म्या बोटींची इंजिनं बघणारा. गोधडी डिझेल पिऊन बसेल आणि एक दिवस पेट घेईल, असं त्याने टीचरांना ठणकावलं. ते टीचरांना पटलं आणि गोधडी गेली. पण आवाज कमी करायचा हा उद्योगच त्याला मान्य नव्हता.

"टीचर, इंजिन बोलला पायजे," तो म्हणाला. "गप बसला तर त्याचा काय दुखतंय ते मना कसा कलनार? पान्यात बंद पडलं तर?"

"बोलू दे की. ओरडायचं कशाला?" टीचर म्हणाल्या.

ते त्याला पटलं असावं, कारण धुराच्या नळीचं काम करून द्यायला तो तयार झाला. इंजिन थंड करून आलेलं पाणी समुद्रात नुसतं फेकून न देता धुराच्या नळीत सोडायचं; धूर थंड होतो आणि त्याचा धडधडाट पाण्यातच बसतो. मोठ्या होड्यांवर त्याने हे केलेलं होतं. छोट्या होडीवर कुणी करून मागितलं नव्हतं एवढंच.

तरी आवाज होताच. तेव्हा टीचरांनी शाळेतली लाकडी मीटरपट्टी काढली. तिचं एक टोक होडीच्या निरनिराळ्या भागांवर टेकवायचं, दुसरं कानाच्या हाडाला लावायचं. मीही करून पाहिलं आणि मला तो खेळ फार आवडला. पट्टीतून प्रत्येक फळी वेगळी बोलत होती. गंमत अशी, की सगळ्यात मोठा आवाज इंजिनाचा नव्हताच. बाकाखालची एक रुंद फळी ढोलासारखी घुमत होती. इंजिनाच्या पायाखालची रबरं दगडासारखी कडक झाली होती, त्यामुळे त्याचा प्रत्येक ठोका थेट होडीच्या हाडांत उतरत होता आणि फळी तो उचलून आमच्या कानात घालत होती. म्हणजे इतके दिवस आम्ही बगल उसवत होतो, आणि चूक खांद्यात होती. नवी रबरं बसली, फळीला खालून एक तिरपी पट्टी ठोकली, आणि मग टीचरांनी कोट चढवला. सगळ्या फटी बुजवल्या. एकही राहू दिली नाही.

दोघी निघालो. बंदरातून बाहेर पडलो. इंजिन चालू होतं, पायाला जाणवत होतं, पण आवाज कुठेतरी दूर, शेजारच्या घरात कुणी शिवणयंत्र चालवत असावं तसा. पाणी होडीला घासून जातं त्याचा आवाज ऐकू येत होता. मी टीचरांना कुजबुजून काहीतरी म्हणाले आणि त्यांनी उत्तर दिलं. एवढ्यानेच आम्ही दोघी हसत सुटलो.

तिवरांच्या झाडीमधल्या पट्ट्यात पोचलो तेव्हा मागून काळा धूर येऊ लागला. इंजिन दमल्यासारखं मंदावलं. टीचरांनी खोकं उघडलं तर आतून भट्टीची धग आली. त्यांनी इंजिन बंद केलं. पाणी उतरत होतं. आम्ही वल्हं मारून पाहिलं, पण थोड्याच वेळात होडी चिखलावर बसली आणि जराशी कलली. भरती येईपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं. टीचरांनी पदराची सुई काढून माझ्या ओढणीची उसवलेली किनार शिवायला घेतली. मी चिखलावर पळणारे खेकडे बघत बसले. त्यांची चालायची घाई, थांबायची घाई. भरती आली तेव्हा दुपार कलली होती, आणि इंजिन थंड होऊन मुकाट सुरू झालं. कोट काढून, सगळ्या खाडीला ऐकवत, आम्ही परत आलो.

रात्री जेवताना टीचरांनी ही हकीकत भावाला सांगितली. मीही त्यांच्याकडेच जेवत होते. अंकल ऐकत होते की नाही ते कळत नव्हतं. मग त्यांनी चमचा खाली ठेवला.

"त्याला हवा कुठून देतेस?" त्यांनी विचारलं.

कोटाला बाह्या शिवल्या, गळा शिवला, पण इंजिनाला श्वास लागतो हे टीचरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि फट ठेवली तर आवाज बाहेर येणार. अंकलनी ताटाच्या कडेला बोटाने एक वाट काढून दाखवली: सरळ नाही, एकदा इकडे वळणारी, एकदा तिकडे, आतून मऊ अस्तर लावलेली. हवा वळून जाते, म्हणाले. आवाज प्रत्येक वळणावर आपटतो आणि थकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः टीचरांबरोबर अर्नाळ्याला गेले. जहाज सोडल्यापासून त्यांनी कुठल्याही इंजिनाला हात लावला नव्हता. मिस्तरी आणि ते, दोघांनी मिळून ती वळणाची वाट बसवली. मिस्तरी मोठ्याने बोलायचा आणि अंकल कानावर हात ठेवायचे, मग मिस्तरी ओशाळून हळू बोलायचा, आणि पुन्हा विसरायचा. टीचर बाजूला बसून कोटाला नवं भोक करत होत्या आणि त्याच्या कडा बटणाच्या काजासारख्या नीट बांधत होत्या.

आता होडी इतकी गप झाली की नवीनच भानगड झाली. पुढच्या रविवारी आम्ही दोघी खाडीत वळणावरून चाललो होतो, तिथे एक कोळी आपल्या होडक्यात उभा राहून, आमच्याकडे पाठ करून जाळं ओढत होता. त्याने आम्हाला ऐकलं नाही, आम्ही त्याला उशिरा पाहिलं. टीचरांनी सुकाणू फिरवलं तरी होडीचा कोपरा त्याच्या होडक्याला लागलाच आणि तो पाण्यात पडला. पाणी कमरेएवढंच होतं. उभा राहिला, तोंडावरचा चिखल पुसला आणि आमच्या होडीकडे संशयाने बघू लागला, जणू आम्ही आलोच नव्हतो, उगवलो होतो.

"इंजिन नाय का हिला?" त्याने विचारलं.

टीचरांनी त्याची माफी मागितली, त्याला किनाऱ्याला नेऊन चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी सुकाणूच्या दांड्याला सायकलची घंटी बसवली. वळण आलं की त्या ती वाजवत. खाडीत टिंगटिंग ऐकू आलं की बंदरातले लोक म्हणत, टीचर आल्या. एवढा खटाटोप करून आवाज घालवायचा आणि मग घंटी लावायची, याचं मला हसू आलं, तशा टीचर म्हणाल्या, की घंटी मला वाटेल तेव्हा वाजते. फरक तोच आहे.

अंकलना होडीत बसायला त्यांनी विचारलं नाही. वाट पाहिली. शेवटी एका रविवारी मिस्साहून आल्यावर अंकलच म्हणाले, की हवेची वाट नीट चालते का ते बघायला हवं.

आम्ही तिघं गेलो. तोवर टीचरांनी मला सुकाणू धरायला शिकवलं होतं. त्या मला मागे बसवून स्वतः मधल्या बाकावर, अंकलच्या समोर बसल्या. भरतीचं पाणी होतं, वारा नव्हता. अंकलनी खोक्याच्या झाकणावर पालथा हात ठेवला, हवेच्या वाटेशी बोट नेलं आणि मान हलवली. मशीनं त्यांच्या कानांतच होती. किनाऱ्यावरच्या सुकत्या बोंबलांचा वास मागे पडला, दोन्ही बाजूंना तिवरं आली. आम्ही अगदी जवळून गेलो तरी एक पांढरा बगळा उडाला नाही. अंकल मान वळवून त्याच्याकडे बघत राहिले.

भाऊबहीण आपसांत घरच्या बोलीत बोलत. ती मला तोवर कळायला लागली होती, बोलता येत नव्हती. म्हणून इथे माझ्या भाषेत सांगते आहे. टीचरांनी आवाज जराही चढवला नाही. मीठ दे म्हणावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "आई गेली तेव्हा तू का आला नाहीस?"

अंकलचा हात कानाकडे गेला. मला वाटलं, आता काढतात मशीन. त्यांनी ते नुसतं चाचपलं आणि हात खाली घेतला.

"कॅप्टनने बोलावून सांगितलं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी बंदर लागणार होतं. उतर, विमानाने जा म्हणाला. मी हो म्हणालो. बॅग भरली."

टीचर पदरावरच्या सुईचा दोरा बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"मग खाली गेलो. इंजिनरूममध्ये कानांवर जाड मफ लावायला लागतात. ते काढून ठेवले आणि मोठ्या इंजिनाजवळ उभा राहिलो. तिथे काहीच ऐकू येत नाही, आपल्या मनातलंसुद्धा नाही. बंदर लागलं तेव्हा मी खालीच होतो. जहाज सुटलं तेव्हाही. घरी येऊन तिला तसं बघायचं धैर्य नव्हतं मला." ते थांबले. "पुढे ती सवयच लागली. कुणाची आठवण आली की मफ काढायचे. डॉक्टर म्हणतात कान कामामुळे गेले. मी हो म्हणतो."

इंजिन आपल्या कोटात हळू चाललं होतं. मला पाण्याकडे बघवेना आणि त्यांच्याकडेही बघवेना. इतक्या वर्षांनी टीचरांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, आणि आता त्या रागावतील की रडतील, मला सांगता येईना. त्या दोन्ही करत नव्हत्या. भावाकडे, कापडातला दोष सापडल्यावर बघत तशा, लक्ष देऊन बघत होत्या.

"म्हणजे तुला काहीच माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कोण आलं, काय झालं, कसं नेलं."

"नाही. कुणी सांगितलंच नाही."

"सांगू?"

अंकलनी मान हलवली आणि थोडे पुढे सरकून बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके.

टीचर सांगू लागल्या. आईला तिचं लाल लुगडं नेसवलं होतं, आणि ते नेसवता येणारी पंचक्रोशीत एकच म्हातारी उरली होती, तिला शेजारच्या गावातून रिक्षाने आणलं. बँडवाले वाट चुकून भलत्याच घरी गेले आणि तिथे लोक घाबरले. पुढचा खांदा कुणी द्यायचा यावरून दोन्ही मामांची जुंपली, आणि फादरांनी दोघांनाही मागे पाठवलं. इथे अंकल हसले. मी त्यांना हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं; दात सगळे शाबूत होते. मग त्यांनी विचारलं, विहिरीजवळच्या वाटेने नेलं की रस्त्याने? विहिरीजवळून, टीचर म्हणाल्या, तिला आवडायची ती वाट. केळी तेव्हा आताच्यापेक्षा उंच होत्या. अंकल विचारत होते आणि टीचर सांगत होत्या. शेवटचं तिने काय खाल्लं. गप्पा मारायला कोण येत असे. घरात त्या रात्री कोण राहिलं. एकदोनदा अंकलनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाले, "ते परत सांग," आणि टीचरांनी तेच वाक्य, तितक्याच हळू, परत सांगितलं.

मी खाडीतून वळसा घालून होडी परत आणली होती. अर्नाळ्याचं बंदर दिसू लागलं. मिस्तरी काठावर उभा होता. आमची दोरी घ्यायला त्याने हात पुढे केला. मी टीचरांकडे पाहिलं. त्या कबरीवर पहिली माती कुणी टाकली तिथवर आल्या होत्या, आणि त्यांचं कशाकडेच लक्ष नव्हतं.

मी मिस्तरीला हाताने 'नंतर' अशी खूण केली आणि होडी पुन्हा खाडीकडे वळवली.